नाक वळलं, पण जहाज वळलं का?

माझं चांगलं-भलं व्हल्चर मी एका संध्याकाळी स्वतःच्या हातांनी बिघडवलं. ‘एलिट डेंजरस’ या अवकाशातल्या संगणक खेळातलं हे दोन मोठ्या तोफांचं आटोपशीर लढाऊ जहाज. नुसत्या सांगाड्याचं वजन २३० टन, पण वळायला एकदम हलकं. लागोपाठ तीनदा हल, म्हणजे जहाजाचं अंग, फुटून परत आल्यावर मला वाटलं, जरा कातडी जाड करावी. रिकाम्या दिसतील त्या जागांमध्ये हल रीइन्फोर्समेंट, म्हणजे जादा चिलखत, कोंबली, आणि स्वस्त पडते म्हणून सगळी ई दर्जाची (तिथे भागांना ए ते ई असे दर्जे असतात). पन्नासेक टन वाढले. मग ग्रहाच्या कड्यांमध्ये शिकारीला गेले, वाइपर नावाच्या एका जहाजाच्या मागे लागून करकचून वळले. नाक अगदी त्याच्यावर, गोळ्या सुरू, आणि मी मात्र आडवीच घसरत जाऊन एका खडकावर आपटले. हेडसेटवर भाचा होता. तो म्हणाला, “मावशी, नाक वळलं तुझं. जहाज कुठे वळलं?”

त्याने ते चिडवायला म्हटलं होतं, पण सगळा विषय त्यातच आहे. खेळाडू ‘हँडलिंग’ हा एकच शब्द वापरतात आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एक, नाक जास्तीत जास्त किती वेगाने फिरतं. दोन, काठी (जॉयस्टिक) ढकलल्यापासून तो वेग यायला, आणि सोडल्यावर थांबायला, किती वेळ लागतो. तीन, नाक वळल्यावर जहाजाची खरी वाट त्या दिशेला यायला किती वेळ लागतो. पहिली गोष्ट जहाजाच्या माहितीपत्रकात आकड्याने दिसते, म्हणून सगळे तिच्यावरच भाळतात. माणूस मरतो तो बहुतेक वेळा तिसऱ्यात.

हे नवीन नाही. १९६२ साली एमआयटीच्या पीडीपी-१ संगणकावर ‘स्पेसवॉर’ खेळला जायचा, त्यातही नाक एकीकडे आणि जहाज दुसरीकडे असंच चालायचं. वर मधल्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये जहाज आपोआप हळूहळू मंदावायचं, एवढी तरी दया होती.

आधी मोजा

कुठलाही खेळ असो, नवं जहाज किंवा नवं फिटिंग घेतलं की मी पहिली दहा मिनिटं रिकाम्या जागेत घालवते. वही, पेन, फोनचं स्टॉपवॉच. भाचा हसतो, हसू दे.

पूर्ण वेगाने सरळ जा, थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, शून्यावर आणा आणि वेगाचा आकडा शून्य होईपर्यंत वेळ मोजा. हा झाला थांबायचा वेळ. मग मध्यम वेगात काठी पूर्ण मागे ओढून पिचचा, म्हणजे नाक वर-खाली फिरण्याचा, एक पूर्ण फेरा मारा आणि तोही मोजा. तिसरी मोजणी सगळ्यांत कामाची: पूर्ण वेगाने जाताना एखादा दूरचा तारा बरोबर उजव्या हाताला धरा, नाक त्याच्याकडे वळवा आणि जहाज खरोखर त्या दिशेने सरकू लागेपर्यंत मोजत राहा. काही खेळांत प्रवासाची दिशा दाखवणारी छोटी खूण पडद्यावर असते. ती नाकाच्या खुणेवर येऊन बसली की थांबा. खूण नसेल तर अवकाशातली धूळ डोळ्यांसमोरून कशी वाहते ते बघा. धूळ तिरकी वाहतेय तोवर तुम्ही घसरताय.

तिन्ही मोजण्या एकदा रिकाम्या जहाजाने आणि एकदा भरलेल्या जहाजाने करा. इंधन, माल, दारूगोळा, चिलखत, ज्या ज्या गोष्टीला तो खेळ वजन लावतो ते सगळं भरा. काही खेळ मालाचं वजन धरतच नाहीत. तेही या मोजणीतच कळतं, आणि मग तिथे उगाच काटकसर करायची गरज राहत नाही.

एक हिशोब डोक्यात पक्का असावा. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वेग दुप्पट केला तर थांबायला अंतर चौपट लागतं. जहाजाचं वजन दुप्पट झालं आणि थ्रस्टर (जहाज ढकलणारी इंजिनं) तेच राहिले, तर अंतर दुप्पट. म्हणजे जड जहाजात वेग थोडासा उतरवला तरी वजनाने घेतलेलं बरंचसं परत मिळतं. माझ्या त्या खडकाच्या प्रसंगात चिलखत दोषी होतंच, पण मी थ्रॉटल शेवटपर्यंत ढकलून वळत होते हा दोष मोठा.

मोठं जहाज वेगळं का वागतं

समजा एकाच आराखड्याचं जहाज लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून दुप्पट केलं. वजन आठपट होईल. थ्रस्टरचं तोंड दोन्ही बाजूंनी दुप्पट, म्हणून जोर चौपट धरू. सरळ धावण्याचा प्रवेग निम्मा झाला. आता नाक फिरवायचं बघू. फिरण्याला होणारा विरोध वजन गुणिले लांबीचा वर्ग असा वाढतो, म्हणजे आठ गुणिले चार, बत्तीसपट. फिरवणारा जोर चौपट आणि तो दुप्पट लांबून लागतो, म्हणून आठपट. बत्तिसाला आठने भागा: फिरण्याचा प्रवेग पावपट उरला.

म्हणजे मोठं जहाज धावण्यात जेवढं मागे पडतं, त्याच्या दुप्पट फिरण्यात मागे पडतं. प्रत्येक खेळ हे गणित तंतोतंत करत नाही, पुष्कळदा आकडे हाताने बसवलेले असतात. पण ज्यांचा आव अस्सल असतो ते खेळ सहसा याच दिशेने झुकतात. म्हणून मोठ्या जहाजाने नाकाचा पाठलाग करून लढायचंच नसतं. बाजूच्या थ्रस्टरने सरकायचं, आणि फिरत्या तोफा असतील तर त्यांना काम करू द्यायचं.

पण नुसतं वजन बघूनही फसायला होतं. ‘एलिट’मधल्या तीन मोठ्या जहाजांचे सांगाडे घ्या. ॲनाकोंडा ४०० टन, फेडरल कॉर्व्हेट ९०० टन, इम्पीरियल कटर १,१०० टन. वजनावर गेलात तर ॲनाकोंडा नाचरी असायला हवी. प्रत्यक्षात तिच्या दुपटीहून जड कॉर्व्हेट तिच्यापेक्षा चांगली वळते. कटर सरळ रेषेत पळायला या दोघींना भारी, पण वळली की अशी घसरते की पाहत राहावं. वजन हा भागाकारातला खालचा आकडा आहे. वर कोणते थ्रस्टर आहेत आणि बनवणाऱ्यांनी त्यांना कुठल्या दिशेला किती ताकद दिली आहे, हे कळल्याशिवाय उत्तर निघत नाही.

त्या खेळात थ्रस्टरला किमान, सर्वोत्तम आणि कमाल असे वजनाचे तीन आकडे असतात. एकूण वजन सर्वोत्तम आकड्याच्या खाली ठेवलं तर वेग आणि वळणं दोन्ही वाढतात, वर गेलं की दोन्ही घटतात. फिटिंग करताना हा आकडा बघायची सवय लावून घ्या. आणि माझी चूक करू नका: हल रीइन्फोर्समेंटमध्ये डी दर्जाचा तुकडा त्याच मापाच्या ई दर्जाच्या निम्म्या वजनाचा असतो आणि तरी जास्त मजबूत असतो. मी पैसे वाचवले आणि दुप्पट वजन घेतलं. उलट सेन्सर, लाइफ सपोर्ट असल्या लढाईत फारशा न लागणाऱ्या भागांमध्ये डी दर्जा सगळ्यांत हलका, तिथे डोळे झाकून डी घ्या. थ्रस्टर मात्र ए दर्जाचेच. तिथे हात आखडू नका.

वजनापेक्षा हिशोबाचा खेळ

‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात काठीच नाही. तिथे जहाज ‘अलाइन’ व्हायला, म्हणजे वार्पसाठी (दूरवरच्या झटपट उडीसाठी) योग्य दिशेत कमाल वेगाच्या ७५ टक्के गाठायला, किती सेकंद लागतात हा जीवन-मरणाचा प्रश्न. हिशोब असा: जहाजाचं वस्तुमान दशलक्ष किलोंमध्ये घ्या, त्याला इनर्शिया मॉडिफायरने (जहाजाच्या जडपणाच्या आकड्याने) गुणा, मग १.३९ ने गुणा. ११ लाख किलोचं फ्रिगेट आणि मॉडिफायर ३.२ असेल तर १.१ × ३.२ × १.३९, म्हणजे सुमारे ४.९ सेकंद. या हिशोबात कमाल वेग कुठेच येत नाही. जास्त पळणारं जहाज लवकर निसटेल असं वाटतं, ते चूक. पळणं वेगळं, निसटणं वेगळं.

शिवाय तो सर्व्हर एका सेकंदाच्या टप्प्यांनी चालतो. ४.९ चे ४.१ केलेत तरी पाचव्या ठोक्यालाच सुटणार, ३.९ केलेत तर एक ठोका वाचतो. म्हणून तिथले जुने खेळाडू वळण सुधारणारे नॅनोफायबर बसवताना दशांश बघतात. इनर्शियल स्टॅबिलायझरही चालतात, पण ते तुमची सिग्नेचर मोठी करतात, म्हणजे शत्रूला तुमच्यावर निशाणा धरायला सोपं जातं.

खरी गंमत इंजिनांची. आफ्टरबर्नर किंवा मायक्रोवार्पड्राइव्ह ही वेग वाढवणारी इंजिनं चालू असताना जहाजाचं वस्तुमान वाढतं. दहा मेगान्यूटनचा आफ्टरबर्नर ५० लाख किलो वाढवतो. आपल्या ११ लाखांच्या फ्रिगेटवर तो कसाबसा बसवला तर चालू असेपर्यंत जहाज ६१ लाखांचं, आणि अलाइन व्हायला ४.९ ऐवजी सुमारे २७ सेकंद! सरळ रेषेत वाऱ्यासारखं पळतं, पण शत्रूभोवती जवळून घिरट्या घालायला सांगितलं की वर्तुळ भलतंच मोठं होतं. असं फिटिंग करणारे वेडे नाहीत, त्यांना ते मोठं वर्तुळच हवं असतं. पण निसटायची वेळ आली की इंजिन आधी बंद करायचं, हे ते विसरत नाहीत.

याच्या उलट, जड बॅटलशिपवाले मायक्रोवार्पड्राइव्ह फक्त एका फेरीपुरता चालवतात. दहा सेकंदांच्या त्या फेरीत वेग मूळ कमाल वेगाच्या ७५ टक्क्यांवर जातो. फेरी संपली की वाढीव वस्तुमान आणि वाढीव कमाल वेग दोन्ही गळून पडतात, आणि जहाज तत्काळ वार्पमध्ये जातं. त्याहून मजेशीर म्हणजे मालवाहू जहाजाचा सोबती स्वतःच्याच माणसावर वेब मारतो. वेबमुळे कमाल वेग कोसळतो, मग आहे तोच वेग ७५ टक्क्यांच्या वर ठरतो, आणि तो अगडबंब डबा चुटकीसरशी निघून जातो. मला हे समजायला एक आख्खी संध्याकाळ लागली होती. मित्र मला मंद करून वाचवतोय, हे पचायला वेळ लागतोच.

हातात काठी असेल तर

आता पुन्हा थेट उडवण्याच्या खेळांकडे. ‘एलिट’मध्ये थ्रॉटलच्या पट्टीवर मधोमध निळा भाग असतो. काटा त्यात असताना जहाज सगळ्यांत चांगलं वळतं. नवे खेळाडू थ्रॉटल शेवटपर्यंत नेऊन मोठमोठे फेरे मारत बसतात आणि म्हणतात, शत्रू मागून हलतच नाही. वेग मध्यावर आणा, वीज वाटपातल्या सहा पिपांपैकी (विजेच्या वाट्यांपैकी) चार इंजिनाला द्या, फरक लगेच कळेल. शील्ड आणि तोफांना मिळून उरलेले दोनच. गोळी लागायला लागली की पिप शील्डकडे वळवा, वळणं संपली की तोफांकडे. हा हात सतत चालता हवा.

नाक उजवीकडे न्यायचं तर थेट उजवीकडे यॉ करू नका, म्हणजे नाक सपाट आडवं फिरवू नका. त्या खेळात पिच यॉपेक्षा बराच वेगवान असतो. आधी रोल करून, म्हणजे जहाज कुशीवर फिरवून, शत्रू डोक्यावर घ्या, मग काठी मागे ओढा. माउसवरून आलेल्यांना हे उलटं वाटतं. दोन दिवस त्रास होतो, मग हात आपोआप जातो.

वर पिच करताना वर ढकलणारा थ्रस्टरही दाबून धरा. नाक फिरतंच, शिवाय जहाजाची वाटही आतल्या बाजूला ढकलली जाते आणि वर्तुळ लहान होतं. ‘नाक वळलं, जहाज नाही’ या रोगावर माझ्याकडे हे पहिलं औषध. किती दाबायचं? वर्तुळात राहायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट असेल तर तेच वर्तुळ टिकवायला चौपट जोर हवा, आणि बाजूच्या थ्रस्टरकडे तो नसतो. म्हणून थ्रस्टर दाबूनही घसरत असाल तर आणखी दाबण्यात अर्थ नाही, वेग उतरवा.

फ्लाइट असिस्ट, म्हणजे जहाज आपोआप सावरणारी सोय, बंद करून उडणं हा पुढचा टप्पा. २००३ च्या ‘फ्रीलान्सर’मध्ये झेड दाबून इंजिन बंद केलं की जहाज त्याच वेगाने वाहत राहायचं आणि नाक मागे फिरवून पाठलाग करणाऱ्यावर गोळ्या झाडता यायच्या, ‘एलिट’मध्ये बूस्ट (वेगाचा झटका) मारून लगेच असिस्ट बंद केला की तेच होतं. पण तिथे फिरणंही आपोआप थांबत नाही, आणि इथेच घोडं पेंड खातं. काठी मधोमध आणली तरी जहाज भोवऱ्यासारखं फिरतच राहतं. यावर युक्ती अशी: जेवढा कोन वळायचाय त्याच्या अर्ध्यापर्यंत एका बाजूला जोर द्या, आणि अर्ध्यावर येताच तेवढाच जोर उलट बाजूला. शत्रू नव्वद अंशांवर असेल तर पंचेचाळीसवर हात उलटा. हलक्या जहाजात हे इतकं पटकन होतं की डोळ्याला दिसत नाही. जड जहाजात अर्धा रस्ता स्पष्ट जाणवतो, म्हणून शिकायला मी मध्यम-जड जहाज घ्यायला सांगेन. हे मत भाच्याला पटत नाही. त्याच्या मते हलक्याफुलक्या साइडवाइंडरवरच शिकावं, आपटलं तरी नुकसान कमी. नुकसानीच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे.

सरावाला एक खडक पुरतो. असिस्ट बंद, नाक सतत खडकाकडे, आणि बाजूच्या थ्रस्टरने त्याच्याभोवती फेरा. सुरुवातीला फेरा अंड्यासारखा होतो, मग तुम्ही दूर फेकले जाता. वेग निम्मा करा आणि परत. मला पहिला नीट गोल फेरा मारायला आठवडा लागला. काठीचा डेडझोन, म्हणजे मधला मेलेला भाग, मोठा ठेवला होता हेही त्याला कारण. छोटे हात जहाजापर्यंत पोचतच नव्हते. तो आधी कमी करा.

जड विरुद्ध हलकं

तुम्ही हलके असाल तर मोठ्याच्या पाठीशी चिकटून राहा, पण त्याच्या इंजिनाच्या आगीत घुसायच्या नादात वेग वाढवू नका. त्याने बूस्ट मारला की लगेच आपणही मारायचा मोह होतो. एक क्षण थांबा. जड जहाज बूस्टनंतर सहसा नाक वळवून तुमच्यावर यायला बघतं, आणि तुम्ही तेव्हा भरधाव असाल तर थेट त्याच्या तोफांसमोरून जाल. तो कुठे घसरतोय ते बघा आणि त्या वर्तुळाच्या आतून कापा.

तुम्ही जड असाल तर प्रत्येक निर्णय आधी घ्या. समोरासमोर चाल करून जाताना हलका पायलट शेजारून निसटल्यावर वळायला लागतो; तुम्ही निसटण्याच्या आधीच वळायला सुरुवात करा, चार गोळ्या वाया गेल्या तरी चालतील. किती आधी? वहीतला तिसरा आकडा काढा. जहाजाची वाट बदलायला पाच सेकंद लागत असतील तर पाच सेकंद आधी. तो मागे चिकटलाच, तर मागे वळून शोधू नका. थ्रॉटल उलटा करून मागे सरका. पुष्कळदा तो स्वतःच पुढे निघून तुमच्या नाकासमोर येतो. काही लोक याला रडीचा डाव म्हणतात. म्हणू देत.

आणि मोजणी मधूनमधून पुन्हा करा, कारण वजन बदलत राहतं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चे कमांडर जिम लव्हेल यांना हे खऱ्या अवकाशात भोगावं लागलं. चांद्रयानाचे थ्रस्टर त्या एकट्या यानाचा हिशोब धरून बसवलेले, आणि त्याला मूळ यानाचं, स्फोटानंतर जवळपास बंद ठेवलेलं धूड जोडलेलं. गुरुत्वमध्य भलतीकडे गेला, हात एकीकडे केला की यान दुसरीकडे. त्यांना उडवणं नव्याने शिकावं लागलं. आपल्याकडे निदान खडकावर आपटून पुन्हा सुरुवात करायची सोय आहे.

व्हल्चरवरचे ई दर्जाचे पत्रे मी काढले, तेवढेच डी दर्जाचे बसवले, तिन्ही आकडे पुन्हा घेतले. भाच्याने मध्यंतरी कटर घेतलं. परवा हेडसेटवर एक लांबलचक घासल्याचा आवाज आला, मग शांतता.

“थांबायला किती सेकंद लागतात रे त्याला?” मी विचारलं.

“मोजायचं राहिलं, मावशी.”